शकीलाला ‘अम्मा’ म्हणण्याआधी

निशिगंध (धागाकर्ती)

अंगाने भरलेल्या बाईला चिडवायचं असलं की पुरुषांच्या गप्पांत अजूनही शकीलाचं नाव निघतं. बाई शाळेत शिकवणारी असो नाहीतर बँकेत काउंटरवर बसणारी, नाव तेच. ज्यांचं नाव असं शिवीसारखं फेकलं जातं त्या कोण, त्यांनी काय काम केलं आणि त्याबदल्यात त्यांच्या पदरात काय पडलं, हे विचारलं तर मात्र कुणाला धड सांगता येत नाही. म्हणून हा धागा काढतेय. प्रौढांसाठीच्या सिनेमात काम करणाऱ्या जाड बायकांना मान का मिळत नाही, यावर बोलायचं आहे. फोटो, क्लिपा, दुवे कुणी टाकू नयेत, एवढी विनंती आधीच करते.

शकीला चेन्नईच्या. १९९५ मध्ये ‘प्लेगर्ल्स’ नावाच्या सिनेमात त्या पहिल्यांदा दिसल्या. त्यात मुख्य भूमिका सिल्क स्मिताची होती आणि ती पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९६ मध्ये गेली. शकीला यांचं नाव गाजलं ते २००० साली आलेल्या ‘किन्नार तुंबिकल’ या मल्याळम सिनेमाने. काही लाखांत उरकलेला सिनेमा, आणि धंदा कोटींत. त्यानंतर वर्ष-दोन वर्षं केरळात अशा सिनेमांची जी लाट आली तिला तिथे त्यांच्याच नावाने ओळखतात. बड्या नटांचे सिनेमे आपटत होते, लहान गावांतली थिएटरं बंद पडायच्या बेतात होती, आणि त्यांची वीजबिलं या सिनेमांवर भरली जात होती. हिंदीत डब होऊन ते आपल्याकडच्या मॉर्निंग शोपर्यंतही पोचले.

त्या पोस्टरवर हिरो नसायचा, किंवा असलाच तर कोपऱ्यात. सिनेमा विकला जायचा एका बाईच्या नावावर, आणि ती बाई त्या काळच्या नायिकेच्या कुठल्याही मापात बसणारी नव्हती. दंड जाड, पोट सुटलेलं, गाल भरलेले. ज्या देशात नायिकेच्या कमरेची चर्चा वर्तमानपत्रं करतात तिथे लोकांनी रांगा लावून, खिशातले पैसे मोजून हे शरीर पाहिलं. आवडलं म्हणूनच पाहिलं, जबरदस्ती कुणीच केली नव्हती. आणि बाहेर पडल्यावर त्याच शरीराची टवाळी केली. हा दुटप्पीपणा बारीक नायिकेच्या वाट्याला इतका येत नाही. तिला वाईट चालीची म्हणतील, पण तिच्या दिसण्याला नावं ठेवणार नाहीत. जाड बाईला दोन्ही बाजूंनी मार बसतो: काम घाणेरडं आणि वर अंगही हास्यास्पद.

पैशांचं म्हणाल तर कमावलेलं त्यांच्या हातात राहिलं नाही, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. सिनेमांत जी उघडीवाघडी दृश्यं होती ती दुसऱ्या बाईंवर चित्रित केली होती, हेही त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या. २०१३ मध्ये मल्याळममध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं.

आता शीर्षकाकडे येते. २०२० च्या शेवटी ‘कुकू विथ कोमाली’ या तमिळ स्वयंपाकाच्या कार्यक्रमात त्या आल्या आणि थेट अंतिम फेरीपर्यंत गेल्या. तरुण पोरंपोरी त्यांना ‘अम्मा’ म्हणू लागली, घराघरांत त्यांचं कौतुक झालं. एका ट्रान्स मुलीला त्यांनी लेक मानलं आहे, त्यावरही लोक भरभरून लिहितात. मला या सगळ्याचा आनंदच आहे. पण ज्या मानासाठी त्यांना आधी आई व्हावं लागलं, हातात झारा घ्यावा लागला, तो मान त्या कॅमेऱ्यासमोर ते दुसरं काम करत होत्या तेव्हा का नव्हता? तेव्हाही त्या कॉल टाइमला येत होत्या, दिवसभर दिव्यांखाली उभ्या राहत होत्या आणि निर्मात्याचं कर्ज फेडून देत होत्या. बाईने काम सोडल्यावर, वय झाल्यावर, तिच्याकडे ‘तसं’ बघणं थांबल्यावर तिला मान द्यायचा, ही तर माफी झाली. मान तिने काम करताना मिळायला हवा, आणि त्या काम करणाऱ्या शरीरासकट मिळायला हवा. माझं म्हणणं एवढंच आहे.

---

ऑपरेटरचा_मुलगा

माझे वडील तालुक्याच्या गावी टुरिंग टॉकीजपासून सुरुवात करून नंतर पक्क्या थिएटरात ऑपरेटर होते. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन केबिनमध्ये जायचो. मॉर्निंग शोची पेटी आली की त्यात सिनेमाच्या रिळांबरोबर कधीकधी एक वेगळी, लहान गुंडाळी असायची. ती सेन्सॉरने पाहिलेली नसायची. कुठल्या रिळात कुठे जोडायची हे मालक तोंडी सांगायचा. वडील फिल्मच्या कडेचा मसाला पात्याने खरवडायचे, सिमेंट लावायचे, दाबून धरायचे आणि आठवडा संपला की पुन्हा तोडून वेगळी करायचे. धाड पडलीच तर गुंडाळी हजर नको म्हणून.

सांगायचं कारण असं, की त्या तुकड्यातली बाई आणि पोस्टरवरची बाई एक नसायची. कधी तर रंगही जुळायचा नाही, सिनेमा एका पट्टीचा आणि तुकडा तांबूस. दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमाचा असायचा तो. खाली बसलेल्या लोकांना फरक पडत नव्हता, पण बाहेर नाव पोस्टरवरच्या बाईचंच खराब व्हायचं. शकीलाबाई जे सांगतात ते मला पूर्ण पटतं, कारण ते जोडकाम मी वडिलांच्या हातात बघितलं आहे. आणि तुकड्यातली जी बाई होती, तिचं तर नावही कुणाला माहीत नाही. तिला त्या दिवसाचे किती मिळाले असतील, आपला तुकडा कुठल्या गावात कुठल्या सिनेमाला जोडला जातोय हे तिला कुणी सांगितलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वडील त्या सिनेमांबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. आमची फी त्यातून जायची हे त्यांना माहीत होतं.

---

रोखठोक

लेख मनापासून लिहिलाय, पण मी सहमत नाही. व्यक्ती म्हणून प्रत्येकाला मान आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण कामाला मान द्यायचा म्हणजे काय? मला दोन मुली आहेत. उद्या त्या म्हणाल्या की यातही सन्मान आहे, तर मी काय उत्तर देऊ? या धंद्यात बाईची पिळवणूक होते, हे तुम्हीच लिहिलंय. मग पिळवणुकीला सन्मानाचं नाव का द्यायचं? आणि दुसरं, जाडेपणाचं कौतुक करणं तब्येतीच्या दृष्टीने बरोबर आहे का? हे मी चिडून विचारत नाही, खरंच विचारतोय.

---

नाडीपरीक्षा

@रोखठोक, तब्येतीबद्दल तेवढं मी बोलते, बाकीचं इतर बोलतील. वजनामुळे गुडघे, साखर, रक्तदाब यांचा त्रास वाढू शकतो हे खरं आहे आणि ते आम्ही रुग्णाला सांगतो. पण हिणवल्याने वजन कमी झालेली एकही बाई मी पाहिलेली नाही. हिणवल्यामुळे दवाखान्यात यायचीच बंद झालेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. वजनकाट्यावर उभं राहायच्या भीतीने गर्भाशयमुखाची तपासणी लांबवतात, स्तनातली गाठ दाखवायला उशीर करतात. घसा दुखतो म्हणून आलेल्या बाईलाही ‘आधी वजन उतरवा’ ऐकावं लागतं. मान हा तब्येतीचं बक्षीस म्हणून द्यायचा नसतो.

---

कोचीकर

मी बारा-पंधरा वर्षं एर्नाकुलमला आहे, नोकरीनिमित्त. मल्याळम वाचता येतं, त्यामुळे थोडी भर घालतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कोझिकोडच्या एका मॉलमध्ये ओमर लुलू या दिग्दर्शकाच्या सिनेमाच्या ट्रेलरचा कार्यक्रम ठरला होता. शकीला प्रमुख पाहुण्या. ऐनवेळी मॉलकडून परवानगी नाकारली गेली. दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की शकीला येणार म्हणून नाकारली, मॉलवाल्यांनी गर्दी आणि सुरक्षेचं कारण दिलं. त्या येणार नसतील तर कार्यक्रमच नको, अशी भूमिका दिग्दर्शकाने घेतली आणि कार्यक्रम रद्द केला. शकीला यांनीही व्हिडिओवर येऊन, आपल्या बाबतीत हे पहिल्यांदा घडत नाही, असं सांगितलं. लक्षात घ्या, हे स्वयंपाकाच्या त्या कार्यक्रमानंतरचं आहे. टीव्हीवर अम्मा झालेली बाई मॉलच्या दारात पुन्हा तीच शकीला झाली. त्यामुळे निशिगंध यांच्या मुद्द्यात मी एवढीच भर घालीन, की ती ‘माफी’सुद्धा पक्की नसते.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी आहे. त्याच लाटेतल्या एका अभिनेत्रीला २००७ मध्ये कोचीत पोलिसांनी पकडलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. पोलीस तिची चौकशी करत असतानाचं मोबाइलवरचं चित्रीकरण बाहेर आलं आणि हातोहात पसरलं. प्रश्न विचारणाऱ्यांचा सूर ऐकवत नाही. ज्या बाईंचे सिनेमे पाहिले तिला तशा अवस्थेत पाहायलाही लोक तितकेच उत्सुक होते. पुढे तिचं काय झालं याची चौकशी करणारे फार थोडे निघाले. इथल्या सुशिक्षित मंडळींत आजही तो विषय काढला की आधी हसू फुटतं, मग कुणीतरी विषय बदलतं.

---

सुईदोरा

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

मी मुंबईत कपडेपटात सहायक आहे. आमच्याकडे ड्रेसवाली म्हणतात. मधली काही वर्षं मोबाइल अ‍ॅपवर येणाऱ्या प्रौढांसाठीच्या मालिकांवरही काम केलं. तिथे वहिनी, शेजारीण, घरमालकीण अशा भूमिकांना मुद्दाम भरलेल्या अंगाची बाई शोधतात. ऑडिशनलाच तसं सांगून बोलावतात. आणि सेटवर ती आली की तिच्यासाठी येतो मीडियम मापाचा ब्लाउज. कारण कपडे भाड्याच्या दुकानातून येतात आणि लाइन प्रोड्यूसर मापं पुढे पाठवतच नाही. मग मागची शिवण उसवा, पाठीवर सेफ्टी पिना लावा आणि बाईला सांगा की कॅमेऱ्याकडे पाठ करू नका. पिन निघाली की सगळा सेट हसतो. कॅमेरामन ओरडतो, ‘फ्रेममध्ये मावत नाही रे!’ तीसुद्धा हसते, कारण दिवसाचे पैसे संध्याकाळी मिळायचे असतात.

आणखी एक. उघडं दृश्य असलं की ‘कट’ म्हटल्याबरोबर अंगावर टाकायला गाऊन लागतो. तो घेऊन मी फ्रेमच्या बाहेर उभी असते. सडपातळ मुलींना बसेल असा गाऊन प्रत्येक सेटवर असतो. एकदा एका ताईंना तो पुढून मिटेना. तर कुणीतरी पलंगावरची चादर ओढून दिली, शूटिंगची, मेकअपचे डाग पडलेली. त्या तशाच चादर गुंडाळून दिव्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या, दहा माणसं येत-जात असताना. दुसऱ्या दिवशी मी घरून सुती कापडाचा मोठा गाऊन शिवून नेला. दोन्ही बाजूंनी भरपूर माया (शिवणीतलं जादा कापड) ठेवली, मुंढा (बाहीचा घेर) सैल घेतला, दंडघेर वाढवला, बंद लांब ठेवले. त्यांनी तो घातला आणि खुर्चीवर बसून चहा प्यायल्या. आदल्या दिवशी त्या बसल्याच नव्हत्या.

लोक विचारतात मान म्हणजे काय. माझ्यापुरतं सांगते: मापं आधी घ्या.

---

टोपलीभर_फुलं

सुईदोरा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा.

एक वेगळा मुद्दा. २०११ मध्ये ‘द डर्टी पिक्चर’ आला, सिल्क स्मिताच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला. त्यासाठी विद्या बालनने बारा किलो वजन वाढवलं, त्याचं सगळीकडे कौतुक झालं, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तिचं काम अप्रतिमच होतं, त्याबद्दल शंका नाही. पण पोट सुटलेलं दाखवण्याचं धाडस म्हणून जे गौरवलं गेलं, ते पोट घेऊन ज्या बायका खरोखर पडद्यावर उभ्या राहिल्या त्यांना कुणी धाडसी म्हटलं नाही. आणि डिसेंबर २०२० मध्ये शकीलावरचा हिंदी सिनेमा आला तेव्हा भूमिका रिचा चढ्ढाला दिली. तीही चांगली अभिनेत्री. पण शकीलाची गोष्ट सांगतानासुद्धा शकीलासारखं अंग असलेली नटी आपल्याला पडद्यावर चालली नाही. तिच्या अंगाची नटी फक्त त्या एकाच प्रकारच्या सिनेमात चालते, नाहीतर विनोदी मोलकरणीच्या भूमिकेत. मल्याळममध्ये २००७ च्या ‘छोटा मुंबई’त शकीला स्वतः शकीला म्हणूनच आली होती. पण म्हणजे पुन्हा तेच, मुख्य प्रवाहात आली तीही स्वतःच्या ठपक्यासकट.

---

रोखठोक

सुईदोरा यांचा प्रतिसाद वाचून गप्प झालो होतो. तरी माझा मूळ प्रश्न राहतोच. हे सगळं ऐकल्यावर माझं तर उलट मत होतं की हा धंदाच नको. मध्यंतरी सरकारने असली अ‍ॅप बंद केली ते बरंच झालं की.

---

सांगलीकर

@रोखठोक, मार्च २०२४ मध्ये अशी १८ अ‍ॅप बंद केली आणि जुलै २०२५ मध्ये आणखी २५. त्यातल्या मजकुराबद्दल तुमची तक्रार असेल तर ती तुमची, मी त्या वादात पडत नाही. पण अ‍ॅप बंद झालं त्या दिवशी निर्मात्याने दुसरा धंदा शोधला. ज्या बायकांचं मानधन अडकलं होतं त्या कुणाकडे जाणार? करार कागदावर नसतो, तक्रार करायची तर आधी ‘मी त्यात होते’ हे सांगावं लागतं. लाज बाईला आणि वसुली कुणालाच नाही.

मी सांगलीची. आमच्याकडे १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे, ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून उभी राहिलेली. धंदा करणाऱ्या बायकांनी स्वतःच चालवलेली संघटना. त्यांच्या सभांना मी लहानपणापासून गेले आहे, आईचं तिथे जाणं-येणं होतं. त्या बायका ‘आमच्या धंद्याचं कौतुक करा’ असं कधीच म्हणत नाहीत. पोलिसाने अरेतुरे करू नये, दवाखान्यात रांगेतून बाहेर काढू नये, रेशन कार्ड मिळावं, पोरांना शाळेत घ्यावं, असं म्हणतात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं: घटनेच्या कलम २१ प्रमाणे सन्मानाने जगायचा हक्क या बायकांनाही आहे, पोलिसांनी त्यांच्याशी नीट वागावं, माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये. तो आदेश सिनेमातल्या बायकांबद्दल नाही, मला कळतं. पण ‘काम पटत नाही म्हणून माणूस कमी’ हा हिशेब न्यायालयाने तिथे मोडला, तो इथेही मोडायला हरकत नाही.

तमाशा आणि हे एक नाही, गैरसमज नको. तरी विठाबाई नारायणगावकरांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. राष्ट्रपतींच्या हातून पदकं मिळवलेली बाई. शेवटच्या आजारपणात दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भरावं लागलं. २००२ मध्ये त्या गेल्या आणि काही वर्षांनी राज्य सरकारने त्यांच्या नावाचा जीवनगौरव सुरू केला. लोकांना रिझवणाऱ्या बाईला हयातीत टाळ्या आणि मेल्यावर मान, ही आपली जुनी रीत आहे.

---

कोचीकर

सांगलीकर, +१. पोलिसांच्या वागण्याबद्दलचा न्यायालयाचा तो आदेश वाचताना मला २००७ चं तेच चित्रीकरण आठवलं.

---

निशिगंध (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, विशेषतः सुईदोरा आणि ऑपरेटरचा_मुलगा यांचे. मी लांबून लिहिलं होतं, तुम्ही जवळून लिहिलंत.

@रोखठोक, तुमच्या मुलींचा प्रश्न मला टाळायचा नाही. त्यांना तुम्ही काय सांगाल हे तुम्ही ठरवा, आणि हे काम करू नका असं सांगितलंत तर त्यात मला काहीच चूक वाटत नाही. पण त्याच मुलींपैकी एखादी उद्या अंगाने भरली आणि वर्गात कुणी तिला शकीला म्हणालं, तर? ‘तू तशी नाहीस’ असं म्हणून तिची समजूत काढता येईल. म्हणजे शकीला असणं ही शिवीच आहे हे तुम्ही मान्य केलंत. त्याऐवजी शकीला कोण होत्या हे तिला सांगता आलं तर ती शिवी तिथेच बोथट होईल. पिळवणूक होते म्हणून मान द्यायचा नाही, हे मला उलटं वाटतं. ज्या बाईला मान नाही तिचीच पिळवणूक बिनधास्त करता येते. तिने पैसे मागितले तरी हसता येतं.

काय करता येईल असं दोघातिघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय, म्हणून इथेच लिहिते. जुन्या सिनेमांतली दृश्यं आणि त्यांवर भलत्याच बायकांचे चेहरे चिकटवलेल्या क्लिपा अजून गटागटांत फिरतात. आपल्या गटात आली तर पुढे पाठवू नका, आणि टाकणाऱ्याला तिथेच, सगळ्यांसमोर सांगा. खाजगीत सांगितलं की तो पुढच्या गटात टाकतो. चेहरा चिकटवलेली क्लिप असेल आणि ती बाई तक्रार करायला तयार असेल तर २०२१ च्या आयटी नियमांत असा मजकूर तक्रारीनंतर उतरवण्याचं बंधन कंपन्यांवर घातलेलं आहे, ते तिला सांगा. सेटवर काम करणाऱ्यांसाठी: लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा रोजावर काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ‘फ्रेममध्ये मावत नाही’ हे रोज ऐकणाऱ्या किती जणींना हे माहीत असेल?

---

सुईदोरा

मला माहीत नव्हतं. आमच्या युनिटच्या बायकांच्या गटात टाकते.

आणि ज्यांनी गाऊनचं माप विचारलं त्यांच्यासाठी: छाती ५२, मुंढा त्याप्रमाणे सैल, लांबी घोट्यापर्यंत, कापड चार मीटर लागतं. बंद आतूनही एक लावा, बाहेरचा सुटला तरी उघडा पडत नाही. नव्या सेटवर जाताना आता तो माझ्या पेटीत असतोच. गेल्या महिन्यात एका मालिकेच्या मापाच्या यादीत मी रकाना वाढवून घेतला, प्रोडक्शनच्या मुलाने आधी कुरकुर केली आणि मग छापून दिला.